अर्धा त

इतवारीत, किराणा ओळीच्या मागल्या गल्लीत
आमचा छापखाना. एक ट्रेडल, दोन केसा,
आणि मी जुळारी.

एकाहत्तरच्या मे महिन्यात
सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर केशव धकाते आला.
सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत जवसाची पूड.
“पाचशे लेबलं पाहिजे. पैसे पुढच्या महिन्यात.”
काय लिहायचं?
“यमुनाबाईचं जवस-सत्त्व.
बायको करते. दत्तू चालत नव्हता आमचा,
आता कौलावर चढून राहिला लेकाचा.”

सत्त्वाला अर्धे त लागतात दोन.
खणात उरला होता एक.
बाकीचे पतपेढीच्या वार्षिक वृत्तांतात अडकलेले,
वित्त, निमित्त, उत्तरदायी.
बाहेर शेहेचाळीस डिग्री. कूलरचं वाळं कोरडं.
कोण पाहते बे, म्हटलं,
आणि ‘सत्व’ छापून गठ्ठा सुतळीनं बांधून दिला.

यमुनाबाई भाजत, दळत.
धकाते रविवारी सीताबर्डीच्या फूटपाथवर डबे मांडे,
बाजूला वजनकाटा, वजन फुकट.
मग गिट्टीखदानला पत्र्याची शेड.
मग हिंगण्याला प्लॉट, भिलाईहून गठ्ठ्यानं ऑर्डरी,
आणि एक वकील,
ज्यानं माझं लेबल समोर ठेवून
नाव नोंदवून टाकलं. जसंच्या तसं.

मग दत्तू टाय बांधून जर्मनीला जाऊन आला.
बुटीबोरीत कारखाना.
जवसातून तेल, तेलातून कॅप्सूल,
कॅप्सूलमधून नुसतीच एक पिवळी चमक.
प्रत्येकानं सहा जण जोडायचे, त्या सहांनी छत्तीस.
मंगल कार्यालयात टाळ्या वाजत,
मास्तर रडत स्टेजवर.
माझी मेहुणी ‘हिरा’ झाली होती त्यात;
तिच्या माळ्यावर अजून चौदा डबे आहेत,
मुदत संपलेले. फेकू देत नाही.

मग साठ टक्के हॉलंडवाल्यांनी घेतले.
पस्तीस देश. लेबल छापायला आता
माझ्या गल्लीत मावणार नाही असं मशीन.
‘यमुनाबाईचं’ आधी ‘यमुनाज’ झालं,
मग नुसता वाय, मग वायचं पान झालं, हिरवं.
बाई गेल्या तेव्हा
फॅक्टरीला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती.

सत्व तेवढं राहिलं.
अरबीच्या शेजारी, स्पॅनिशच्या वर,
माझी चूक सोनेरी शाईत, उठावदार.

परवा कंपनीची पोरगी आली कॅमेरा घेऊन.
पन्नास वर्षांची फिल्म करून राहिले म्हणे.
“काका, आमच्या ब्रँडबुकात लिहिलंय,
एकच त म्हणजे साधेपणा.
धकाते सरांची दृष्टी. तुम्हाला काही सांगितलं होतं त्यांनी?”
मला त्यांनी ‘पुढच्या महिन्यात’ एवढंच सांगितलं होतं.
अडतीस रुपये.
चहा घेता का, म्हटलं.

जाताना एक डबा देऊन गेली, तेवीसशेचा.
भिंग घेऊन वाचला.
जवस अकराव्या नंबरावर.
खाली चांदणी, आणि चांदणीचा अर्थ
भिंगालाही न दिसणाऱ्या अक्षरात:
हे औषध नाही.

ट्रेडल भंगारात काढली तेव्हा
तिच्या पायाखाली एक अर्धा त सापडला होता.
चष्म्याच्या डबीत ठेवतो मी तो.
दंड नसलेला, शेजारच्या अक्षरावर
टेकण्यासाठीच ओतलेला.
काढला, आणि डब्यावर
त्याच्या जागी ठेवून पाहिला.
नाव आता एवढं मोठं झालं
की ज्वारीच्या दाण्याएवढा दिसला त्यात.
डबा गोल. घसरला.
पुन्हा ठेवला, बोटानं दाबून.
चहा निवेपर्यंत
शब्द बरोबर होता.